मधल्या धारेवरचा आरसा

८ फेब्रुवारी १९७३, गुरुवार

पुन्हा काही नाही! नऊ वाजल्यापासून दुर्बिणीला डोळा लावून बसलो, डोळ्यातून पाणी आलं, पण नगरच्या बाजूला नुसती धूळ. मी इथे मिरजगावजवळच्या टेकडीवर, माझा टेक्निशियन सूर्यभान तिकडे केडगावच्या पलीकडच्या डोंगरावर. ठरल्या वेळी दोघांनी आरसे उन्हात धरून एकमेकांकडे चमकवायचे. त्याची चमक मला दिसली, तर मधे आडकाठी नाही. मग दोन्हीकडे मनोरे उभे राहतील आणि फोनचं बोलणं तारेवाचून, सरळ हवेतून जाईल. नाही दिसली, तर मधे तिसरा मनोरा, नवी जागा, नवी मोजणी – आणि माझी रजा गेली खड्ड्यात!

नकाशावर रेघ मारून पाहिली. मधल्या डोंगराची धार रेघेखाली जेमतेम सुटते. जेमतेम! सकाळपासून हाच शब्द चावतोय.

९ फेब्रुवारी

पुष्पाचं पत्र नाही. राहुरीला माहेरी आहे, दिवस भरत आलेत. निघताना एवढंच म्हणाली – 'या वेळी तरी जवळ असा.' मागच्या वेळी मी असाच एका डोंगरावर होतो. बाळ गेलं, ते मला चौथ्या दिवशी कळलं. मुलखाला फोन देत फिरणारा मी, आणि घरची बातमी एस.टी.च्या कंडक्टरकडून!

११ फेब्रुवारी

धूळ. टेकडीखाली दुष्काळी कामावर पाझर तलाव खणतायत, दिवसभर टिकाव आणि घण. डोकं उठलंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दिसली! दिसली! बरोब्बर रेघेवर एक ठिणगी. मी आरसा हलवला की तिकडून उत्तर. टोपी उडवली ती बाभळीत अडकली, तिथेच राहू दिली. धावत मिरजगावात उतरून पुण्याच्या साहेबांना तार ठोकली – मार्ग मोकळा, रजा द्यावी. पोस्टमास्तर माझ्याकडे बघून हसला. हसेना का!

१३ फेब्रुवारी

साहेबांची तार. शाबासकी आणि रजा, दोन्ही. बॅग भरली. सूर्यभान उद्या जीप घेऊन येईल, तसाच राहुरीला जातो.

१४ फेब्रुवारी

सूर्यभान आला. मी त्याची पाठ थोपटायला गेलो, तर हा म्हणतो, 'सोमवारी? सायेब, सोमवारी मी डोंगरावर गेलोच न्हाई. जीपचं रेडिएटर फुटलं हुतं, दिसभर ग्यारेजात बसल्तो.'

मग मी पाहिलं ते काय?

बॅग भरलेली पडली आहे. गप्प बसलो तर? मनोरे उभे राहायला वर्ष जाईल, तोवर कोण विचारतंय! सूर्यभानला म्हटलं, उद्या नऊला तू माझ्या शेजारी उभा राहा.

१५ फेब्रुवारी

नऊला सूर्यभानला शेजारी उभं करून आरसा धरला. आणि चमकलं! 'सायेब, मी तर हितं हाय!'

जीप काढली, रेघ धरून निघालो. मधल्या धारेवर तीन-चार झोपड्यांची वस्ती, तिथे एक बाई लग्नातला चौकटीचा आरसा घेऊन उभी. लंकाबाई. नवऱ्याचं नाव घेईना, शेजारच्या म्हातारीने सांगितलं – बन्सी.

'मालक तुमच्या टेकडीखाली तळ्याच्या कामावर हायेत. म्हैना झाला, निरोप न्हाई. मंग तिकडं रोज येळंवर चमकाया लागलं. म्या म्हनलं, त्येच दावत्यात, बरा हाय म्हनून. सोमवारी म्या बी दावलं. तिकडनं लगीच उत्तर आलं की!'

ते उत्तर माझं होतं, हे तिला सांगितलं. ती बराच वेळ आरसा पदराने पुसत राहिली. 'मंजी त्येनला ठावंच न्हाई,' एवढंच म्हणाली. फार वाईट वाटलं. मला जे हवं तेच मला दिसलं, तिला हवं ते तिला.

म्हणजे हीच धार रेघेत आडवी येते. पण तिच्या अंगणातून माझी टेकडी दिसते आणि मागे वळलं की केडगावकडचा डोंगरही दिसतो! तिसरा मनोरा इथेच. मिरजगावला जाऊन तार केली – आधीची तार चुकीची, नवी जागा तपासतो. रजा आपोआप गेली. तार लिहिताना राग कुणाचा येतोय ते कळत नव्हतं.

१६ फेब्रुवारी

बन्सी कामावर वाटतात त्या सुकडीच्या रांगेत सापडला. धडधाकट! वर आणून हातात आरसा दिला. धारेवरून उत्तर आलं तसा खाली बसला आणि हसायलाच लागला. 'माजी हाय ती? लगनातला आरसा घिऊन? फोडंल आता!'

आता मुक्काम धारेवर. सूर्यभानला नगरला पाठवलं. राहुरीला कळवलंय, तार नगरलाच करा. डोंगर चढण्याआधी रोज तारऑफिसात डोकवायचं. राहुरीची तार नसेल तर एकदा चमकव. दोघं सुखरूप असतील तर तीनदा. 'आन् सायेब...' म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, तसं असेल तर आरसा दाखवूच नकोस, जीप घेऊन ये.

१७ फेब्रुवारी

एक.

म्हणजे वाट मोकळी. खात्याचं काम झालं! मला त्याचं काहीच वाटलं नाही.

१८ फेब्रुवारी

काही नाही. एकसुद्धा नाही. धूळ असेल. धूळच असणार.

दुपारभर जीपच्या वाटेकडे बघत येरझाऱ्या घातल्या. वाटेवर काही हललं की पुढे धावतो – पाण्याचा टँकर निघतो. लंकाबाई शेवटी वैतागली. 'बसा की एका जागी! धुरळा हाय त्यो. मला म्हैनाभर काय दिसलं न्हाई, म्हनून मालक मेलं हुतं का?'

बसलो. जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आभाळ स्वच्छ. नऊ वाजता केडगावच्या डोंगरावर चमकलं. एक. मग दोन. मग तीन! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिलेला नाही, म्हणून आधी वळून पाहिलं. लंकाबाई माझ्या शेजारीच बसली होती, आरसा मांडीवर पालथा.