मुकं तळं

१४ नोव्हेंबर

प्रिय बडबडे,

अनेक आशीर्वाद. तुझं रागाचं पत्र पोचलं. रागातसुद्धा चार पानं भरलीस, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. मीही बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्याइतके नाही.

फोन का उचलत नाही, असं विचारलंस. वर 'पेपरात फोटो येतो म्हणून शेफारलीस' हेही. तो फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे गं. त्यातली बाई शेफारलेली असेलही, मी नुसती थकले आहे. दर आठवड्याला कुठली तरी रानवाट तुडवायची आणि रविवारच्या सदरासाठी मजकूर द्यायचा. चालण्याचं काही नाही, लिहिण्याचा शीण आलाय. धुक्याला माणसाने किती वेळा 'दाट' म्हणायचं?

सदरातलं 'मुकं तळं' वाचून रडलीस म्हणतेस. सगळेच रडले. त्या दिवशी पहाटे मी तळ्याकाठी बसले होते आणि कावळ्यांखेरीज एक पक्षी बोलला नाही. तेच लिहिलं. खंड्या गेला, वटवटे गेले. शेवटी, काठावरच्या लाँड्रीचं साबणाचं पाणी तळ्यात जातं, अशी एक ओळ टाकली. वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला, संपादक खूश. आणि लोकांनी त्या लाँड्रीत कपडे टाकणं बंद केलं.

मागच्या सोमवारी लाँड्रीवाला दारात उभा. मला वाटलं, आता भांडणार.

"बाई, पक्षी कुठे गेलेत? सकाळी झोपू देत नाहीत मेले. चला, दाखवतो."

गेले त्याच्याबरोबर. तळ्याकाठी तो बोट वर करून उभा राहिला. "हा एक." जरा वेळाने, "हा बघा, दुसरा." मी त्याच्या बोटाकडेच बघत राहिले. तेवढ्यात समोरच्या खांबावर खंड्या येऊन बसला. मी घालवलेला खंड्या! त्याने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला काहीही ऐकू आलं नाही.

कानाचे डॉक्टर म्हणतात, बारीक आवाज आधी जातात. पक्षी, दारावरची घंटी, फोनवरचा तुझा चिरका गळा. कावळे आणि संपादक मात्र स्वच्छ ऐकू येतात. देवाची निवड बघ.

आता फोनचं कळलं असेल. मागे एकदा तू बराच वेळ बोललीस आणि मी 'छान, छान' म्हणत राहिले. नंतर तुझ्या पत्रातून कळलं, तू मेहुण्यांच्या ऑपरेशनचं सांगत होतीस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून फोनवर तुझं नाव दिसलं की मी दुसऱ्या खोलीत जाते. कानात दोष आहे हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा फोनच खराब आहे म्हणणं सोपं होतं.

काल संपादकांना सगळं सांगितलं. पोरगेलासा आहे, पण भला आहे. म्हणाला, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. 'पक्षी परतले' असं लिहा ना. वाचकांनाही बरं वाटेल." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण पक्षी परतले म्हटलं की लोक म्हणणार, लाँड्री थंडावली म्हणूनच परतले. त्या माणसाच्या इस्त्र्या माझ्यामुळे गार पडल्यात.

म्हणून आज खरं ते लिहून दिलं. पक्षी तिथेच आहेत, मलाच ऐकू येत नाही. आणि हे माझं शेवटचं सदर, असंही खाली लिहिलं. संपादकाने वाचलं, चष्मा पुसला, पण 'नका सोडू' म्हणाला नाही. तेवढं मात्र लागलं. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही गं मी.

रविवारी पेपरात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. कानाला यंत्र लावणार आहेत. उपयोग होईल, पण पहिल्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलंय.

मेहुण्यांना तुझ्यावाचून चार दिवस निभावता येत असतील तर निघून ये. तळ्यावर जाऊ. पूर्वीसारखी वाटभर कुरकुर कर, मी तुझ्या तोंडाकडे बघत चालेन. खंड्या बोलला की माझा हात दाब.

फोन करू नकोस. ये.

तुझी,
ठार नव्हे, पण बहिरी
ताई