शेवटचा अर्जुन

दमर,

भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेम्पे झाकून ठेवलंय, जेवून घे. मी थिएटरवर चाललेय.

काल टपरीवर तू मित्रांना काय सांगत होतास, ते ऐकलं मी. म्हणे, लोक नाटकाला येत नाहीत, कारण खुर्च्या मोडक्या आणि महाभारत सगळ्यांना पाठ! अरे, मॅचमध्येही शेवटी कुणीतरी हरणारच हे ठाऊक असतं, तरी भर पावसात दोन तास उभा राहतोस ना? खुर्च्यांना कशाला नावं ठेवतोस? आई नाटकात पुरुषाचं काम करते याची लाज वाटते, असं सरळ सांग. आपल्या जावात अर्जुन बायकाच करतात, हे अख्ख्या सोलो शहराला कळतं. चौथीत पोरं तुला चिडवायला लागली आणि तेव्हापासून तू थिएटरची पायरी चढला नाहीस.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी स्वतः तारेनं आवळून ठेवलीय. आज आठला माझा शेवटचा अर्जुन आहे. उद्यापासून मला कुंती दिलीय. ती बघायला येऊन उपकार करू नकोस. आई काय, तुला घरीही दिसते.

— आई