ओव्याचं तेल आणि सकाळचं वरण

बाबा, मागच्या महिन्यात मी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. थकले आहे. आयुष्यभर एकच काम केलं. ओव्याचं तेल पाण्यात इतकं बारीक फोडायचं की ते वर येऊ नये, आणि मग अन्नातले जंतू त्याने मरतात का ते बघायचं. हेच काम का घेतलं, असं कोणी विचारलं की मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचे. खरं कारण म्हणजे मंगरूळपीरच्या वसतिगृहातलं तुमचं स्वयंपाकघर.

बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही तिथे स्वयंपाकी. सरपण एका वेळेपुरतंच मिळायचं, म्हणून सकाळचं वरण संध्याकाळी तसंच वाढायचं. उन्हाळ्यात ते आंबायचं. एकदा मुलांना ढाळ-उलट्या झाल्या आणि वसतिगृहाच्या सचिवांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू. आई म्हणाली, सकाळचं फेकून द्या. तुम्ही तिच्यावर खेकसलात, "फेकू कसं? मंग पोरायच्या ताटात काय वाढू?" पोटाला ओवा चांगला, एवढं आपल्या घरात सगळ्यांनाच ठाऊक. तुम्ही ओव्याचं तेल आणलंत, गरम पाण्यात घालून रवीने घुसळलंत. पाणी पांढरंशुभ्र झालं आणि कितीतरी दिवसांनी तुमचा चेहरा सैल झाला. ते पाणी तुम्ही वरणाच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, ओतलंत.

संध्याकाळपर्यंत तेल वर आलेलं. लहान मुलांना आधी वाढायची रीत, त्यामुळे वरचं सगळं तेल त्यांच्याच ताटात. त्यांची तोंडं पोळतात, एक जण रडायला लागतो, सचिव स्वतः चाखून थुंकतात. "वरणात काय टाकलं तुमी?" तुम्ही खरं तेच सांगता, पण कोणी ऐकून घेत नाही. मोठी मुलं भुकेली होती, त्यांनी तळाचं तसंच खाल्लं, आणि त्यांना ढाळ लागले. दुसऱ्या दिवशी आपण सामान बांधलं. "म्या त चांगलं घुसळलं होतं, बाई," एवढंच तुम्ही एसटीत मला म्हणालात. त्यानंतर रांधायचं कामच सोडलंत.

आमच्या मिश्रणातलं तेल आता वर येत नाही. एक बाटली माझ्या टेबलावर वर्षभर होती, तशीच पांढरी. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेले जंतू त्याने मरतात. वरणात मात्र डाळ आणि फोडणीच ते तेल धरून ठेवतात, जंतूंपर्यंत पोचू देत नाहीत, मग जास्त घालावं लागतं, आणि जास्त घातलं की चाखणारे चमचा खाली ठेवतात. तुम्ही चांगलंच घुसळलं होतं, बाबा. रवीने त्याहून जास्त होत नाही. त्या वरणाला संध्याकाळी एक सणसणीत उकळी हवी होती, आणि तेवढं सरपण तुम्हाला कोणी दिलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

हे पत्र टाकणार तरी कुठे. माझ्याकडे गॅस आहे, फ्रिज आहे, तरी उरलेल्या वरणाची जराशी शंका आली की मी ते फेकून देते. फेकायच्या आधी मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. घरात मी एकटीच असते, तरी.