हरवलेल्याची हाक

शाळाघर, हेगदाल
१४ ऑक्टोबर १९५४

प्रिय इंगेरीड,

तुझ्या आईचे दफन झाल्यावर चर्चच्या फाटकापाशी तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचे एका वाक्यात उत्तर दिले होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. तरीही त्यात चूक राहिली आहे. चाळीस वर्षे मी या खोऱ्यातील मुलांच्या चुका तांबड्या पेन्सिलीने दाखवीत आलो, तुझ्याही दाखवल्या. स्वतःची एक चूक दाखवायला मात्र मला तीन आठवडे लागले. तिच्यापाशी मी क्रमाक्रमाने येईन. तोवर हे पत्र खाली ठेवू नकोस, एवढीच विनंती.

आईची लूर माझ्याकडे आहे. माझ्या दारातील लाकडी डोणीत ती बुडवून ठेवली आहे आणि रोज सकाळी मी पाणी बदलतो. तिच्या लाकडावर गुंडाळलेली भूर्जाची साल एकदा वाळली की तडकते आणि मग त्या लांब कर्ण्यातून नुसती हवा जाते, हे मी तुला सांगायला नको. गेले चार दिवस डोणीवर बर्फाची साय धरू लागली आहे. ती मी काठीने फोडतो. रस्त्याने जाणारी माणसे डोण दिसली की पलीकडच्या कडेने चालतात. दूधसंघातला ताराल्ड पूर्वी कॉफीला बसला की तासभर उठत नसे. आता तो दाराशी दुधाची बरणी ठेवतो आणि कडी न वाजवता निघून जातो.

तू सात वर्षांची असताना धुक्यात हरवली होतीस, ते तुला कितपत आठवते? गवतकापणीचे दिवस होते. वरच्या कुरणावरून आईने लूर फुंकली आणि खाली शेतात पहिला स्वर पोहोचताच सगळे विळे एकदम थांबले. गाईंना बोलावण्याची हाक वेगळी, लांडग्याची वेगळी, शेजारणीची खुशाली विचारण्याची वेगळी. पण ही हाक कानी आली की या खोऱ्यात कोणी 'कोण?' असे विचारत नाही. ताराल्डचा बाप एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत डोंगर चढला होता. मी वर्ग सोडून धावलो होतो. काळोख पडण्यापूर्वी तू एका कपारीत सापडलीस आणि आईने तुला आधी एक चापट मारली, मग पोटाशी धरले. त्यानंतर तेवीस वर्षे ती हाक कोणी ऐकली नव्हती.

मी ज्या वहीत आईच्या हाका उतरवून घेत होतो ती तू पाहिली आहेस. एकंदर अकरा हाका. त्यांपैकी दहा लिहून झाल्या होत्या; राहिली होती ती हरवलेल्याचीच. उन्हाळ्यात राजधानीहून पत्र आले की, रेडिओचा माणूस ध्वनिमुद्रणाची फीत आणि यंत्र घेऊन येणार आहे. मला अकराही हाका हव्या होत्या. अपुरी वही मला अपुऱ्या वाक्यासारखी खुपते. आई मात्र साफ नाही म्हणाली. "मास्तर, ती हाक रिकामी मारत नसतात. रिकामी मारली तर ती माणूस घेऊनच गप्प बसते." मी हसलो. ही अंधश्रद्धा आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही कागदावरचे. तुमची अंधश्रद्धा शाईची!" त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होते. मी विचारले, "गुनवोर, तुझ्यामागे ही हाक येते कुणाला? इंगेरीड तर बर्गनला जाऊन बसली." ती बराच वेळ चीज ढवळत राहिली. मग म्हणाली, "वाजवते. पण आधी सगळ्या खोऱ्याला सांगा. माझ्यापायी कुणाची धाव फुकट जायला नको."

तेव्हा मी सूचना लिहिली. दूधसंघाच्या दारावर ती माझ्याच हस्ताक्षरात लागली होती: 'सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज सायंकाळी श्रीमती गुनवोर हरवलेल्याच्या हाकेचा सराव करतील. कोणीही वर धावून जाऊ नये.' एक स्वल्पविरामही चुकला नव्हता. सोमवारी पहिल्यांदा हाक आली तेव्हा बायका हातातली कामे टाकून दारात आल्या आणि एकमेकींकडे पाहून पुन्हा आत गेल्या. बुधवारी कोणी दारातही आले नाही. त्या दिवशी तिसरा स्वर उतरला होता. मी वर निरोप धाडून तो सुधारायला सांगितला. निरोपाचे उत्तर आले: "मास्तरांना सांगा, गाईंची तक्रार नाही!" शुक्रवारी दुपारी आईने यंत्रासमोर ती हाक अशी फुंकली की, रेडिओच्या माणसाने कानावरची यंत्रे काढून हातात धरली. त्याच दिवशी तो परतला. सूचनेत शनिवार लिहिला होता, म्हणून मी ती काढली नाही.

शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी हाक आली. रेडिओचा माणूस गेला, मग आता ही कोणासाठी वाजवते आहे, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर मीच मला दिले: सरावाबद्दलचे माझे म्हणणे अखेर तिला पटले असावे. मी वही उघडून खिडकीत बसलो. साडेसहाला ताराल्ड आला. त्याच्या पायांत डोंगर चढायचे बूट होते, खांद्यावर दोर होता. "मास्तर, बाई थांबतच नाही हो. जाऊन बघून येऊ का?" मी त्याला म्हणालो, "ताराल्ड, तुला वाचता येते ना? शनिवारपर्यंत, असे लिहिले आहे. तू वर गेलास तर उद्या तीच तुला हसेल." तो दारात घुटमळला. "तसं नव्हे... आज सूर कसातरीच लागतोय." मी म्हणालो, "म्हणूनच तर सराव!" तो हसला, मीही हसलो. त्याने दोर खांद्यावरून उतरवला आणि तो घरी गेला. सातनंतर हाक बंद झाली. वहीत माझी नोंद आहे: 'तिसरा स्वर ढळला. शेवट अपुरा. श्वास कमी पडतो. सुधारणा नाही.'

रविवारी प्रार्थनेला घंटा होत असताना गाई आपल्या आपण खाली उतरल्या. सगळ्यांपुढे दागरोस गाय होती. सड तट्ट फुगलेले. चालताना दूध वाटेवर ठिबकत होते. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे गाव उभे होते आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही. धावलो ते तेव्हा. लूर भिजत घालायला आई ओढ्यावर गेली होती. वरचा धोंडा उलटून तिचा पाय त्याखाली सापडला होता आणि ती कमरेपर्यंत पाण्यात होती. लूर तिच्या हातातच होती. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यात माणूस दोन तास तग धरतो. वर चढायला पाऊण तास लागतो, हे तुला ठाऊक आहे.

फाटकापाशी तू विचारलेस, "मास्तर, तिनं हाक मारली असेल का हो?" आणि मी म्हणालो, "मारली असेल, पण वारा उलट दिशेचा होता." ताराल्ड माझ्या मागेच उभा होता. तो गप्प राहिला, ते माझ्यासाठी. त्याला दोष देऊ नकोस. चोवीस तारखेला, रविवारी, रेडिओवर आईची शुक्रवारची हाक लागणार आहे. तू बर्गनला बसून ती ऐकशील आणि वाऱ्याला दोष देशील, हे मला सहन होणार नाही, म्हणून हे पत्र. ती हाक आता फक्त तुझ्या कानांत आणि त्या फितीत आहे. माझ्या वहीत जे आहे त्याला हाक म्हणता येणार नाही. लूर न्यायला ये. माझे तोंड पाहायचे नसेल तर ताराल्ड ती तुला स्थानकावर आणून देईल. तू येईपर्यंत मी पाणी बदलत राहीन. हवामानाची नोंद मी शाळेच्या नोंदवहीत रोज सायंकाळी सहाला करतो, हे तुला माहीत आहे. त्या शनिवारची ओळ जशीच्या तशी खाली उतरवतो. माझे फाटकापाशीचे वाक्य खोडून त्या जागी ही वाच: 'आकाश निरभ्र. वारा मंद, वरच्या कुरणाकडून गावाकडे.'

तुझाच,
स्वेनुंग मास्तर