पहिलं एक मिनिट

७ एप्रिल २०२५, सोमवार
मधुकरनं पत्रिका पाठवली. सख्खा धाकटा भाऊ, निंबोल्याहून बुऱ्हानपूर ते केवढं, आणि पोरीच्या लग्नाची पत्रिका परक्याच्या हाती. तृप्तीचं लग्न एक मेला. छाया म्हणाली, मागच्या वेळी भाऊजी स्वतः आले तेव्हा तुम्हीच दार लावून घेतलं. बायको कुठल्या पार्टीची आहे, कळत नाही.

ठरवलं. लग्नाला जायचं, पण मान वर करून. आधी मधुकरनं चारचौघांत कबूल करायचं की आईला माझ्या घरातून त्यानं नेलं, ती आपणहून गेली नाही. अकरा वर्षं नातेवाईक माझ्याकडे कसे बघतात ते मला माहीत आहे. आई गेली तीही त्याच्याच घरी. तेराव्याला मी पाणी न पिता परत आलो.

पुरावा आहे माझ्याकडे.

८ एप्रिल
मेमरी कार्ड देवघरात कुंकवाच्या डबीत होतं. जुन्या बटनवाल्या फोनचं. त्या दिवशी मधुकर आला तेव्हा मी हुशारीनं रेकॉर्डिंग चालू करून फोन शर्टाच्या खिशात ठेवला होता, शर्ट खुंटीला. नंतर रागाच्या भरात बनियनवरच बाहेर पडलो. म्हणजे मी नसताना त्यानं आईला काय पट्टी पढवली, तेही त्यात आहे. पुढे फोन पाण्याच्या टाकीत पडला, ऐकायचं राहून गेलं. तशी गरजही नव्हती. मी स्वतः तिथे होतो की.

नव्या फोनमध्ये कार्ड घातलं. फाइल दिसते, वाजत नाही. फोन भिकार आहे. पोरानं, रितेशनं, घेऊन दिलेला.

९ एप्रिल
दोष सापडला. फाइलच्या नावाच्या शेवटी एएमआर आहे, गाण्यांच्या शेवटी एमपी-थ्री. नाव बदलून एमपी-थ्री केलं. दोन मिनिटांचं काम. लोक उगाच बाऊ करतात. मिलच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, लेबल बदलणं मला नवं नाही.

संध्याकाळी
वाजत नाही.

११ एप्रिल
शनवारा चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. म्हणाला, अंकल, कन्वर्ट करना पड़ेगा, कार्ड छोड़ के जाओ. मी काय खुळा आहे? घरातली गोष्ट, तो अख्ख्या बाजाराला ऐकवेल. कार्ड घेऊन परत आलो. ऊन मरणाचं. डोकं उठलं.

स्वतःच करायचं, आजच. उद्यापासून.

१४ एप्रिल
रितेशला इंदूरला फोन. त्यानं एक ॲप सांगितलं आणि वर विचारलं, पप्पा, अकरा वर्षांनी हे कशाला? याचेही कान भरलेले दिसतात. त्याचं ॲप घेतलं नाही. दुसरं घेतलं, त्याला जास्त स्टार होते.

१५ एप्रिल
स्टारवाल्या ॲपनं जाहिरातीच दाखवल्या. फोन तव्यासारखा तापला. छाया म्हणाली, ती फाइल सोडा, तृप्तीला आहेर काय करायचा ते बघा. मी म्हटलं, आहेर तयार होतोय.

१९ एप्रिल
जमलं! रितेशवालंच ॲप, पण युक्ती माझी. फुकटात पहिलं एक मिनिट बदलून देतं. एक मिनिट बास आहे. मधुकरचा आवाज स्वच्छ: 'दादा, आईला मी नेतो. मीच ठरवलंय.' मग माझा आवाज, जरा चढलेला, पण मुद्देसूद. मग दार आपटल्याचं.

लगेच 'सरुबाई परिवार' ग्रुपवर टाकलं. आईच्या नावाचा ग्रुप, बरोब्बर जागा. खाली लिहिलं: ऐका आणि ठरवा, कोण खरं.

२० एप्रिल
सगळ्यांनी ऐकलंय. निळ्या खुणा दिसतात. कोणी काही लिहिलं नाही. लाज वाटली असणार.

मधुकरनं मात्र छायाच्या फोनवर फोन केला. वहिनी, दादाला म्हणावं, झालं ते झालं, चूक माझी. पण पुढचं ऐकायला लावू नका त्याला. हा निरोप सांगताना छायाचे डोळे भरले होते.

घाबरला! अकरा वर्षांत पहिल्यांदा घाबरला. आता सोडतो की काय.

२३ एप्रिल
पैसे भरल्याशिवाय पुढचं देत नाही ॲप. पैसे भरण्यात मी दोनदा चुकलो, ओटीपी छायाच्या फोनवर येतो आणि ती तो सांगत नाही. म्हणते, मिटलं ना आता, माफी मागितली ना त्यांनी. मी म्हटलं, फोनवर नाही, मांडवात मागायची.

२६ एप्रिल, दुपार
छाया बांगड्या भरायला गेली. तिचा फोन घरी राहिला होता. पूर्ण फाइल झाली.

मी बाहेर पडतो. मग आई खोकते. मग म्हणते,

'बरं झालं तू आळ तुह्याच नावावर घेतला. मीच बलावलं तुले, हे त्याले कधी सांगू नको. मनाले लावून घेईल. मले याच्या घरी खोकाचंबी भेव वाटते रे मधू.'

मधुकर म्हणतो, नाही सांगणार.

त्यानंतर डबे आवरल्याचे आवाज.

२६ एप्रिल, संध्याकाळ
कन्वर्ट करताना आवाजात फरक पडतो, असं कुठेतरी वाचलंय.

पुन्हा ऐकलं. आईच आहे.

मी ओरडायचो, पण कोण ओरडत नाही? दुसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाला झोप नको? एकदाच म्हटलं होतं, खोकायचं तर ओसरीत जा. दोनदा असेल.

छायाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, मी स्वयंपाकघरातच होते. एवढंच म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

२८ एप्रिल
मधुकरला फोन करायचा ठरवलं. आज केळीची गाडी भरायची असेल त्याची, कामात असेल. उद्या करू.

२९ एप्रिल
लग्नघर. गडबड असणार. आज नको.

३० एप्रिल
छायानं बॅग भरली. एकच. तुम्ही या किंवा येऊ नका, मी जातेय, म्हणाली. रिक्षा बोलावली आहे.

मनात आलं, काही बोलता येत नसेल तर निदान ग्रुपवरचं ते एक मिनिट काढून टाकू, म्हणजे मांडवात जाता येईल. दाबून धरलं. सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटनच येत नाही. रितेशला विचारलं. म्हणाला, पप्पा, उसका टाइम निकल गया. आता फक्त तुमच्या फोनमधून जाईल. बाकी सगळ्यांकडे राहणार.

माझ्या फोनमधून काढलं.