एकवीसकडून बासष्टला

प्रिय बासष्ट,

कागदावर तुझं गाव एकदाचं बरोबर झालं. पलटणीच्या रेकॉर्डात इतकी वर्षं ‘कनवड’ होतं, ते आता ‘केनवड’ केलं आहे. तसं पत्र परवा आलं. इंग्रजीत होतं, म्हणून शाळेतल्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्या अकरा अर्जांतून त्यांना एवढी एक चूक सापडली. बाकीच्या नोंदी बदलायला आधार नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे, यापुढे या विषयावर पत्रव्यवहार होणार नाही, असं खाली लिहिलं आहे.

म्हणून तुला लिहायला बसलो. आता आणखी कोणाला लिहू?

अर्ज करून करून माझी भाषाही अर्जासारखी झाली आहे. ‘प्रिय’ लिहायच्या आधी हात ‘सविनय सादर’कडे वळला होता. हसशील तू.

अकोल्याची भरती आठवते? साहेबानं ‘नामदेव इंगळे’ पुकारलं आणि रांगेतून आपण दोघं पुढे आलो. तू केनवडचा, मी शेलूबाजारकडचा. कधी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तू मला वरून खाली न्याहाळलंस आणि म्हणालास, “मंग मी घरी जाऊ का तू जातं?” साहेबालाही हसू आलं. नाव एक, नंबरातले फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. कवायत शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. मी एकवीस, तू बासष्ट. पुढे सगळ्या पलटणीत आपल्याला दुसरं नाव उरलंच नाही.

त्याच दोन आकड्यांनी घात केला रे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, त्या पहाटे, नाल्यापलीकडून जखमी शिंदेला पाठीवर घालून तू आणलंस. मग परत गेलास आणि त्या सातारच्या पोराला आणलंस. धुकं असं होतं की हाताभरावरचा माणूस सावलीसारखा दिसे. तिसऱ्या वेळी गेलास तो आलाच नाहीस. त्यानंतर तासाभरात आमच्या खंदकावर गोळा पडला आणि माझा गुडघा गेला.

रेकॉर्डात काय लिहिलं आहे, माहीत आहे? एकवीस नंबरच्या इंगळेनं दोन जखमी आणले आणि त्यात तो स्वतः जखमी झाला. बासष्ट नंबरचा इंगळे खंदकात बसलेला असताना गोळ्यानं मेला.

मी दवाखान्यात होतो तेव्हा एका साहेबानं ती हकीकत मोठ्यानं वाचून दाखवली. आजूबाजूच्या खाटांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. औषधाची गुंगी होती असं नंतर स्वतःला सांगत राहिलो, पण गुंगी दुसऱ्या दिवशी उतरली होती.

गावी आलो तर शेलूबाजारच्या थांब्यावर वाजंत्री. मला जीपमध्ये उभं केलं, गळ्यात हार घातले. आईनं भिंतीवर खिळा ठोकून त्या कामगिरीचं पदक टांगलं. त्या पदकाकडे बघून सासऱ्यानं मुलगी दिली. सव्वा वर्ष मी गप्प बसलो, बासष्ट. तुझ्या गावाला जायला एक दिवस लागतो, मला सव्वा वर्ष लागलं. यावर तू मला काय म्हणाला असतास, ते मी रोज निरनिराळ्या शब्दांत ऐकतो.

पहिल्यांदा शांताला सांगितलं. माझी बायको. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः ते पदक खाली काढलं, फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, “ज्याचं हाय त्याच्या घरी नेऊन द्या.”

तुझी माय ओसरीवर तूर पाखडत होती. मी जय भीम केला, कोण ते सांगितलं. माझं नाव ऐकून तिचा हात थांबला. तेव्हापासून आजवर तिनं मला नावानं हाक मारलेली नाही. कशी मारेल? मला ती बाबू म्हणते.

सगळं सांगून मी पदक तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “माय, कडेवर नाव कोरलं आहे. नामदेव इंगळे. तुमच्याच पोराचं आहे असं समजून ठेवा.” खरं सांगू? वाटेत मला वाटलं होतं की असंच मिटेल. नाव तर तेच आहे, कोण बघतो नंबर?

तिनं तुझ्या बहिणीला हाक मारून कड वाचायला लावली. नाव ऐकलं, मग विचारलं, “नंबर?”

बहिणीनं वाचला. मायनं पदक फडक्यात होतं तसं गुंडाळलं आणि माझ्याकडे सरकवलं. “हा त्याचा नंबर नाही. त्याच्या हर पत्राच्या मांगं राहे. पोष्टमनकडून मी पाठ करून घेतला होता.” आणि तिनं तुझा नंबर म्हणून दाखवला, पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता.

तुझ्या मायला अक्षर येत नाही आणि साऱ्या रेकॉर्ड ऑफिसात जे कोणाला जमलं नाही, ते तिनं एका दमात केलं.

निघताना ती एवढंच म्हणाली, “मले पदक नको, बाबू. गावात लोक म्हनते, तो बसल्या जागी मेला. कागदावर तसंच हाय म्हनते. तेवढं खोडून आन.”

तेवढंच मला जमलं नाही.

तो अहवाल लिहिणाऱ्या मेजरसाहेबांना पत्र टाकलं. निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांनी लिहिलं की धुक्यात त्यांना ‘इंगळे आणतोय’ एवढंच ऐकू आलं, तेवढंच अहवालात लिहिलं, नंबर नंतर कोणी घातला ते ठाऊक नाही. पुन्हा जबानीसाठी लिहिलं तर त्यांच्या मुलाचं उत्तर आलं, वडील वारले. सातारचं पोर तर दवाखान्यातच गेलं होतं. उरला शिंदे. त्याच्या गावापर्यंत लंगडत गेलो. तो माझ्या गळ्यात पडून रडला. मला इंगळेनं आणलं, हे शपथेवर सांगतो म्हणाला, पण मी शुद्धीवर नव्हतो, कोणत्या इंगळेनं ते कसं सांगू? ज्याला तू पाठीवर वाहून आणलंस त्याला तुझा चेहरा माहीत नाही.

ऑफिसात गेलो तर बड्या साहेबानं उठून माझ्याशी हात मिळवला. असा विनय आजकाल दिसत नाही म्हणाले. चहा पाजला. अकोल्याच्या एका पेपरात छापून आलं की हा जवान मित्रावरच्या प्रेमापोटी स्वतःचं पदक द्यायला निघाला आहे. प्रत्येक अर्जागणिक मी आणखी मोठा होत गेलो आणि तू तिथंच, खंदकात बसलेला.

एक कारकून तेवढा सरळ बोलला. त्यानं फाईल मिटली आणि म्हणाला, “पदक तुमचं नाही हे तुम्ही लिहून देता. पण ज्याला मिळालं त्याचं स्वतःचं म्हणणं पुरावा धरत नाहीत. ज्याचं आहे म्हणता, त्याचा अर्ज आणा.”

बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो.

काल ते ‘केनवड’चं पत्र घेऊन तुझ्या मायकडे गेलो. रिसोडहून बस मिळायला उशीर झाला, पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ती अंगणात वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढत बसली होती. पत्रात काय आहे ते सांगितलं. ती म्हणाली, “गावाचं नाव बरोबर केलं?” मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. मला वाटलं, रडेल, बोलेल, हाकलून देईल. ती काडी वेचत राहिली.

मग तिनं विचारलं, “तो तिसऱ्यान गेला, तो काहून गेला? दोघायले तं आनलं होतं.”

बासष्ट, हे मी अकरांपैकी एकाही अर्जात लिहिलेलं नाही. शांतालाही सांगितलेलं नाही. काल तुझ्या मायला सांगितलं.

धुक्यातून कोणीतरी हाक मारली होती. “इंगळे!” नंबर नाही, नुसतं आडनाव. आपण दोघांनी ऐकलं. तू नुकताच आला होतास, धापा टाकत होतास. पाळी माझी होती. मी खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिलो. ती बांधलेलीच होती. हाक तुला आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. उठलास आणि गेलास.

कोणाची हाक होती रे ती? तुला होती की मला? तो हाक मारणाराही परत आला नाही.

माय ऐकत होती. हातातली काडी तिनं बाजूला टाकली. म्हणाली, “लहानपनीबी तो असाच होता. गल्लीत कोनीबी कोनाले हाक मारो, हा ‘ओ’ देत पळाचा.”

एवढंच. पुढे तिनं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उभाच होतो. तुझी बहीण पाणी घेऊन आली, मी प्यालो आणि थांब्याकडे निघालो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

तिनं माफ केलं की नाही, मला कळलं नाही. तुला तरी विचारायला मी कुठं येऊ?

तर ऐक. पत्रव्यवहार होणार नाही असं त्यांनी लिहिलं असलं तरी उद्या मी बारावा अर्ज लिहिणार आहे. तू काय केलंस ते अकरा वेळा लिहून झालं. या वेळी मी काय केलं नाही, ते लिहीन. हाकेचं लिहीन, नाडीचं लिहीन. बासष्ट उठला आणि एकवीस बसून राहिला, बसल्या जागी जो होता तो मी, हे सही करून देईन. विनय म्हणून कोणी त्यावर चहा पाजणार नाही. फाईल उघडतील की नाही, ते माझ्या हातात नाही. पण तुला शब्द देतो, त्या कागदात एकही ओळ खोटी नसेल, आणि त्याची एक नक्कल मी केनवडच्या पारावर उभा राहून, तुझ्या गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवीन.

तुझाच,
नामदेव इंगळे
(एकवीस)