नाकाला विचार

आई, त्या रविवारी डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात आमटी उकळत होती आणि मी चमचा तोंडाजवळ नेला होता. तुमची सून होऊन मला महिनाही झाला नव्हता. तुम्ही माझं मनगट धरलंत. नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाचीच चव घ्यायची नाही, ही घरची रीत मला कुणी सांगितली नव्हती. ठाण्याला माहेरी प्रत्येक भाजी चाखूनच उतरायची. मग मीठ कसं कळणार, असं मी विचारलं. "नाकाला विचार," तुम्ही म्हणालात, "मिठाशिवाय आमटीचा वास उठत नाही." मला हसू आलं, तेव्हा म्हणालात, "कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुला सगळं शिकवलं, आमटी तेवढी माझ्यासाठी ठेवली."

शिकायला मला वर्षं लागली. मोहरीनंतर हिंग पडला की तुम्ही मला बाहेरच्या खोलीतून हाक मारायचात आणि काय कमी आहे ते तिथूनच सांगायला लावायचात. संध्याकाळी आपण सगळे स्टेशनजवळच्या उडुप्याकडे जायचो. तिथेही तुम्ही सांबाराची वाटी आधी नाकाशी धरायचात आणि वेटर हात बांधून उभा. "आजी, आज पास का?" "पास. पण काठावर." तुम्ही गेल्यावर ती वाटी आपोआप माझ्याकडे आली. आता नात हट्टाने ती माझ्यापुढे सरकवते.

गेल्या वर्षी मला मोठा ताप आला आणि त्यात मला वास येणंच बंद झालं. परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी घरात कुणाला सांगितलं नाही. रविवारी मुलगा, सून आणि नात कोपरहून जेवायला येतात, त्या एका जेवणावर माझा आठवडा उभा असतो. फोडणी मी डोळ्यांनी करते, आमटी बुडबुड्यांवरून उतरवते. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही.

या रविवारी मात्र दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मला कळलं नाही. मी दुसरी शेगडी पेटवायला लायटर हातात घेते आहे, आणि दारातून सून धावत येते, बटण बंद करते, खिडक्या उघडते. नात नाक दाबून उभी. सून फक्त म्हणाली, "आई, बसा थोडं." दिवसभर ती माझ्याकडे पाहत होती. संध्याकाळी उडुप्याकडे नातीने नेहमीसारखी वाटी पुढे केली. मी वाकून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "पास. आज सुरेख झालंय." टेबलावर कुणीच हसलं नाही. सांबार खाली लागलं होतं. मालकाने स्वतः येऊन माफी मागितली, दुसरं पाठवतो म्हणाला. सुनेने टेबलाखाली माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "कधीपासून?"

मुलगा घाबरला आहे. त्याला गॅस काढून टाकायचा आहे, डबा लावायचा आहे, आणि रविवारी सगळ्यांनी बाहेरच जेवायचं. त्याचं चुकत नाही. त्या दिवशी त्या खोलीत नातही होती, हे आठवलं की मी उठून शेगडीची बटणं पुन्हा तपासते. पण त्या ओट्यापाशी मी उभी नसले, तर त्यांनी माझ्याकडे यायचं कशासाठी, हे मला कळत नाही. तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही रागावला असतात, पण उत्तर दिलं असतंत.

हे तुमच्या फोटोपुढे वाचणार होते. तेही होणार नाही, कारण फोटो देवघराशेजारी आहे आणि शेवटची गोष्ट मला तिथे उच्चारता यायची नाही. तेव्हा इथेच लिहून ठेवते. लायटर आणि शेगडी सुनेच्या हाती. ती येईपर्यंत मी काही पेटवणार नाही. तुमचं आमटीचं पितळी पातेलं आणि गोड्या मसाल्याची बरणीही तिलाच. हिंगाची डबी नातीला, आणि उडुप्याकडची वाटीही. तिचं नाक तुमच्यावर गेलंय. मुलाला रविवार, जसा होता तसा, तो नको म्हणाला तरी. चमचा तेवढा माझ्याकडे राहू दे. गेलं वर्षभर, आई, मी नैवेद्याआधी चव घेते आहे.